आरसी इलेक्ट्रिक रेसिंग कॅटॅमरान : बांधणी आणि सेटिंग

दोनतळी
आतापर्यंत आरसी (रेडिओ कंट्रोलच्या) बोटींत मोनो हलच, म्हणजे एकाच तळाच्या, चालवल्या. खडबडीत पाण्यात मोनोला तोड नाही, पण सपाट पाण्यावर तिचा तळ फार घासतो आणि प्रॉपच्या (प्रॉपेलरच्या, मागच्या पंख्याच्या) उलट पिळामुळे एक बाजू सतत दबलेली राहते. म्हणून यावेळी कॅट (कॅटॅमरान) बांधायला घेतली आहे. दोन स्पॉन्सन म्हणजे दोन बाजूंचे तळ, मध्ये टनेल म्हणजे हवेचा बोगदा. टनेलमध्ये शिरलेली हवा पुढचा भाग उचलून धरते आणि पाण्याला टेकतो तो स्पॉन्सनचा मागचा थोडासा भाग, रडर (सुकाणू), फिन आणि अर्धा प्रॉप. निदान कागदावर तरी असंच आहे.

हल (बोटीचं कवच) ८५० मिमी, फायबरग्लासची. सांध्यांवर आणि ट्रान्समला (मागच्या उभ्या भिंतीला) आतून कार्बनच्या पट्ट्या मारल्या आहेत. मोटर ३६ मिमी व्यासाची, चार पोलची ब्रशलेस इनरनर (रोटर आत फिरणारी), २००० केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) १५० अँपिअरचा, पाण्याने थंड होणारा. मोटरपासून प्रॉपपर्यंत फिरणारी फ्लेक्स केबल ४.७६ मिमीची. प्रॉपचा शाफ्ट धरणाऱ्या स्ट्रटची उंची आणि कोन दोन्ही बदलता येतात. ५००० एमएएचचे दोन २एस (दोन सेलचे) लायपो बॅटरी पॅक, दोन्ही स्पॉन्सनमध्ये एकेक, सिरीजमध्ये जोडून ४एस. सगळं मिळून २.८ किलोच्या आसपास जाईल.

विचारायचं आहे ते असं. ४एस ठेवू की आत्ताच ६एसवर जाऊ? स्ट्रट सुरुवातीला कुठे बसवायचा? आणि तळाला किती वेळ द्यायचा? हल साच्यातून आली तशी दिसायला तरी गुळगुळीत आहे.

गंजका_स्क्रू
शेवटचा प्रश्न पहिला घ्या. साच्यातून आलेल्या हलच्या कडा कधीच धारदार नसतात, नाहीतर ती साच्यातून सुटणारच नाही. ट्रान्समची खालची कड, स्पॉन्सनच्या आतल्या-बाहेरच्या कडा, स्ट्रेकच्या (तळावरच्या लांबट पट्ट्यांच्या) कडा, सगळीकडे बारीक गोलाई असते. पाणी गोल कडेला चिकटून वर चढतं आणि हलला खाली ओढतं. कड काटकोनी असेल तर पाणी तिथेच तुटतं. मोटर बदलून जो वेग मिळत नाही तो कित्येकदा इथे मिळतो.

कडेच्या बाजूला टेप लावून बांध घाला, आत इपॉक्सीत मिल्ड फायबर (तंतूंची भुकटी) कालवून भरा. पूर्ण सुकल्यावर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासा. नुसत्या बोटांनी घासाल तर नवी गोलाई कराल. शेवटी ६०० नंबरचा पेपर पाण्यात, बास. आरशासारखी चमक शोकेससाठी.

मग पोलादी पट्टी लांबीच्या दिशेने तळावर उभी धरा आणि पलीकडून उजेड टाका. मागच्या १०० मिमीत मध्ये फट दिसली तर तळ आत वळलेला आहे, तो मागचा भाग उचलून नाक पाण्यात दाबेल. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना हलत असेल तर तळ बाहेर फुगलेला आहे, मग नाक वर-खाली डुलत राहील. दोन्ही स्पॉन्सन एकसारखे आहेत का तेही बघा. एक सपाट आणि एक बाकदार असेल तर सेटिंग करून वेड लागेल.

शॉर्टसर्किट
४एस-६एसचं गणित मांडतो.

१४.८ व्होल्ट × २००० केव्ही = २९,६०० आरपीएम, बिनलोडचे. तेच ६एसवर हवे असतील तर २२.२ × १३५० = २९,९७०. म्हणजे प्रॉपच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरक करंटचा. १५०० वॉट खेचायचे तर ४एसवर साधारण १०१ अँपिअर आणि ६एसवर ६८. तारा, कनेक्टर आणि ईएससीमध्ये वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तेवढ्याच रेझिस्टन्समध्ये ६एसवर निम्म्याहून कमी उष्णता.

पण मोटर त्यामुळे थंड राहील असं समजू नका. कमी केव्हीच्या वाइंडिंगमध्ये वेढे जास्त, तार बारीक, रेझिस्टन्स जास्त. त्याच आकाराच्या मोटरमधली उष्णता जवळपास तेवढीच राहते.

माझं मत: या लांबीला आणि या वजनाला ४एस ठीक आहे. सोल्डरिंग मात्र नीट करा.

तिरपा_सुकाणू
+१. शिवाय दोन २एस दोन स्पॉन्सनमध्ये बसतात, डावं-उजवं वजन आपोआप जुळतं. ६एस करायचे तर दोन ३एस लागतील. वजन वाढलं की बोट प्लेनवर (पाण्यावरून घसरण्याच्या स्थितीत) यायला वेळ लागतो, वळणानंतर वेग परत पकडताना ते जाणवतं.

शॉर्टसर्किट
त्यात एक मेख आहे. पॅक दोन टोकांना म्हणजे बॅटरीच्या तारा लांब. तारेची लांबी वाढली की इंडक्टन्स वाढतो आणि ईएससी करंट तोडतो-जोडतो तेव्हा व्होल्टेजचे झटके येतात. ईएससीवरचे कपॅसिटर ते झेलता झेलता तापतात, फुगतात, फुटतात. तार लांबवायचीच असेल तर ईएससी ते मोटर ही बाजू लांबवा. बॅटरीच्या बाजूला कपॅसिटरची जादा बँक ईएससीच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावा, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रेझिस्टन्सचे), ४एसला ३५ व्होल्टचे. अधिक-उण्याच्या तारा एकमेकींना चिकटून न्या.

आणि ते कार्बन. ट्रान्सम आणि सांधे कार्बनचे म्हणालात. कार्बन वीज वाहतो, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो. पाणीही तो सिग्नल गिळतं. रिसीव्हरचा अँटेना हलच्या आत गुंडाळून ठेवू नका, नळीतून डेकच्या वर उभा काढा. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, ट्रिगर (थ्रॉटल) शून्यावर येतो ना, ते प्रॉप काढून ट्रान्समीटर बंद करून तपासा.

नुसता_प्रेक्षक
वाखूसा (वाचनखूण साठवली). या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: पंखा पाण्यात पूर्ण बुडालेला असेल तर जास्त जोर लागेल ना? मग अर्धा हवेत कशाला?

गंजका_स्क्रू
बाळबोध नाही, कळीचा प्रश्न आहे. पूर्ण बुडवला तर शाफ्ट, स्ट्रट, हब सगळंच पाण्यात ओढत न्यावं लागतं. या वेगाला तो विरोध भयंकर असतो. शिवाय बुडालेल्या प्रॉपच्या पात्यामागे दाब इतका पडतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात आणि पकड जाते. सरफेस ड्राइव्हमध्ये, म्हणजे अशा अर्ध्या बुडालेल्या प्रॉपमध्ये, पातं प्रत्येक फेरीत हवेतून पाण्यात शिरतं आणि सोबत हवा ओढून आणतं, त्या पोकळीत वाफेऐवजी हवा भरते. हब पाण्याच्या पातळीला, खालचं पातं कामाला. तोटा असा की खालचंच पातं काम करतं म्हणून ते मागचा भाग एका बाजूला ढकलतं आणि वरही उचलतं. सगळं स्ट्रट सेटिंग म्हणजे या उचलण्याला लगाम घालणं.

नुसता_प्रेक्षक
आभार. आता ओ कळला, ठो बाकी.

तिरपा_सुकाणू
:)

स्ट्रटची सुरुवात सांगतो. बोट काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा, दोन्ही स्पॉन्सन टेकलेले. प्रॉप शाफ्टचा मध्य काचेच्या पातळीला यायला हवा, म्हणजे काच टेबलाच्या कडेशी हवी आणि स्ट्रट कडेबाहेर. शाफ्ट काचेला समांतर, कोन शून्य. इथून निघा.

प्रॉपचं टोक खाली झुकलं तर जोर मागचा भाग वर ढकलतो, नाक खाली जातं. टोक वर केलं तर मागचा भाग दबतो आणि नाक हलकं होतं. कोनात अर्धा अंशही पाण्यावर स्पष्ट कळतो. उंची बदलताना एका वेळी १ मिमीपेक्षा जास्त नको. आणि कोन, उंची, वजन यातली एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

सीजी (गुरुत्वमध्य) ट्रान्समपासून लांबीच्या ३० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. तुमच्या हलला २५५ मिमी. काही जण स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून मोजतात, तेव्हा दुसऱ्याचा आकडा वापरताना तो कुठून मोजलाय हे आधी विचारा. बॅटरी ट्रे पुढेमागे सरकवता येईल असाच करा.

रडर प्रॉपच्या थेट मागे नको. तिथे नुसता फेस असतो, पकडही मिळत नाही आणि कूलिंगच्या भोकात पाण्याऐवजी हवा जाते. शर्यतीचा ओव्हल (लंबगोल मार्ग) उजव्या वळणांचा असेल तर रडर स्ट्रटच्या उजवीकडे. ओळंब्यात उभा, पुढची धार तीक्ष्ण, आणि आदळल्यावर वर उडण्यासाठी पिन नायलॉनची.

वंगणपुरुष
सगळे तळ आणि व्होल्टच्या मागे लागलेत, ड्राइव्हलाइनचं कोणी बोलत नाही. म्हणून थोडं लांबण लावतो.

फ्लेक्स केबल म्हणजे तारांचे एकावर एक उलटसुलट पिळलेले थर. लोड आला की बाहेरचा थर आवळतो आणि केबलची लांबी किंचित कमी होते. म्हणून ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) आणि स्ट्रट यांच्यात फट ठेवायची. ४.७६ मिमीच्या केबलला २ ते ३ मिमी. फट नसेल तर लोडखाली डॉग स्ट्रटवर घासतो, बुशिंग जळतं आणि मोटरच्या बेअरिंगवर मागे खेचणारा ताण येतो. उलट्या दिशेने फिरवलं तर तोच थर उसवतो, म्हणून ईएससीत रिव्हर्स बंद आणि ब्रेकही बंद.

मोटर ते स्टफिंग ट्यूब (केबल जिच्यातून जाते ती नळी) एका रेषेत हवी. कोलेट (केबलला मोटरशी पकडणारा जोड) ढिला करून केबल हाताने आतबाहेर सरकवा, कुठेही न अडकता गेली पाहिजे. पितळी नळीचा बाक एकच आणि सलग, इंग्रजी एससारखा दुहेरी नको. बाक देताना नळीत वाळू किंवा जाड तार भरा, चेपणार नाही. आत टेफ्लॉन लायनर. नळी अंतराने मोटरपर्यंत पोचत नसेल तर उघडी केबल कमीत कमी राहील असं बघा, उघडा तुकडा लांब असला की चाबकासारखा फिरतो.

ग्रीस पाण्यात न धुपणारं, मरीन ग्रेड. आणि दिवस संपला की केबल बाहेर ओढून पुसून नवं ग्रीस लावून ठेवायची. आत राहिली की गंजते, आणि गंजलेली केबल नेमकी शर्यतीत तुटते. (इथे @गंजका_स्क्रू यांच्या नावाचा संबंध नाही.)

कोरड्यात फुल थ्रॉटल कोणीही मारू नये. बुशिंगला पाणी नाही, मोटरला लोड नाही.

दोनतळी
सगळ्यांचे आभार, यातलं बरंच वहीत उतरवलं. कडा भरून, घासून झाल्या. पट्टी धरून पाहिली, दोन्ही तळ सपाट. आता बॅटरी ट्रे आणि मोटर माउंट चिकटवायला घेतो. प्रॉप कोणता घेऊ? मनात ऑक्टुरा एक्स४४२ आहे, पण ४४५ जास्त पळेल असं एकाने सुचवलं.

शॉर्टसर्किट
४४२ घ्या. पहिला ४ म्हणजे पिच (एका फेरीत प्रॉप कागदावर जितका पुढे जातो ते अंतर) व्यासाच्या १.४ पट, ४२ म्हणजे व्यास मिमीत. पिच झाला ५८.८ मिमी. २९,६०० आरपीएमला कागदावर ताशी १०४ किमी. प्रत्यक्षात लोडखाली आरपीएम ८० टक्क्यांपर्यंत उतरतात, वर १०-१५ टक्के स्लिप (प्रॉपचं पाण्यात घसरणं). म्हणजे ७० ते ७५ धरून चाला.

४४५चा मोह होतो, पण त्याच आरपीएमला प्रॉपने खेचलेली पॉवर व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. ४५ भागिले ४२, त्याचा पाचवा घात १.४१. तीन मिलिमीटरसाठी ४० टक्के जास्त लोड. तुमचे कनेक्टर, पॅक आणि मोटर आधी ४४२वर किती तापतात ते बघा, मग ठरवा.

वंगणपुरुष
ऑक्टुराचे धातूचे प्रॉप कास्टिंगमधून आलेले असतात, पॅकेटमधून काढून थेट लावायचे नाहीत. आधी बॅलन्स: मॅग्नेटिक बॅलन्सरवर ठेवा, जे पातं खाली जातं त्याच्या पाठीवरून घासा. मग पुढच्या कडेला धार, पण दाब देणारी बाजू अजिबात न छेडता.

आणि हे जपून वाचा: ते बेरिलियम कॉपर आहे. त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करू शकते. कोरडं ग्राइंडिंग नाही. पाण्यात घासा, मास्क लावा, गाळ ओल्या फडक्याने पुसून टाकून द्या, घरातल्या मुलांच्या आसपास तर करूच नका. धार काढायची नसेल तर तयार करून मिळणारा प्रॉप घ्या, त्यात कमीपणा नाही.

पोहणारा_नाही
फोम भरलाय का? कॅट उलटली की तशीच उलटी पडून राहते, आपोआप सरळ होत नाही. २.८ किलोच्या बोटीने पाणी भरल्यावरही तरंगायचं तर जवळपास तेवढ्या लिटरची सोय हवी. आतले भाग स्वतः थोडं पाणी बाजूला सारतात, म्हणून फोम काहीसा कमी चालेल. तो नाकात आणि डेकच्या खाली भरा, तळाशी नको. आणि बंद पडलेली बोट आणायला पाण्यात उडी मारायची नाही. गळाच्या दोरीला चेंडू बांधून पलीकडे फेका आणि ओढून घ्या.

दोनतळी
पाण्यावर उतरवली. जीपीएसवर ७१ आली, म्हणजे गणित बरोबर होतं. पण पाऊण थ्रॉटलच्या वर बोट एका स्पॉन्सनवरून दुसऱ्यावर थाडथाड उड्या मारते, आणि नाकही संथ लयीत वर-खाली होतं. वळणावर मात्र अपेक्षेपेक्षा छान. कूलिंगची धार सतत येत होती. मोटर ५४ अंश, ईएससी ४८.

तिरपा_सुकाणू
नाक डुलणं म्हणजे सीजी मागे. पॅक ५ ते १० मिमी पुढे सरकवा. डाव्या-उजव्या उड्याही त्यानेच कमी होतील.

गंजका_स्क्रू
असहमत. डुलण्याचं कारण सीजी असू शकतं, पण डाव्या-उजव्या थाडथाडीचं नाही. तिथे दोनच संशयित. एक, स्ट्रट किंवा रडरच्या ब्रॅकेटमध्ये खेळ. प्रॉप बोटात धरून हलवा, स्ट्रट तसूभरही हलता कामा नये. दोन, तळ. परत पट्टी धरा.

दोनतळी
तळ आधीच पाहिला होता, सपाट होता.

गंजका_स्क्रू
ट्रे चिकटवायच्या आधी पाहिला होतात.

दोनतळी
स्ट्रट घट्ट आहे, रडरही. आणि पट्टी धरली तर डावा स्पॉन्सन मागच्या ८० मिमीत आत ओढला गेलाय, मध्ये जेमतेम अर्ध्या मिमीची फट. उजवा जसाच्या तसा सपाट. डाव्या ट्रेखाली रेझिनचा थर जाड आहे.

गंजका_स्क्रू
हेच. जाड थर घट्ट होताना तापतो आणि थंड होताना आकसतो, पातळ कातडीला सोबत घेऊन जातो. आता डावी मागची बाजू उजवीपेक्षा जास्त उचलली जाते. बोट तिकडून कलंडते, उजवीवर आपटते, परत येते. ट्रे उखडू नका. खालून खरवडून इपॉक्सीत मायक्रोबलून (हलकी पोकळ भुकटी) कालवून भरा आणि पट्टीवर पेपर चिकटवून सपाट करा.

वंगणपुरुष
पुढच्या वेळी ट्रे तळाला न चिकटवता स्पॉन्सनच्या दोन बाजूंना चिकटवा, रेझिनचे ठिपकेच द्या. तळाला काहीही चिकटवायचं नाही हा सगळ्यात सोपा उपाय.

दोनतळी
भरून सपाट केला. थाडथाड पूर्ण गेली. नाक अजून डुलत होतं, मग पॅक पुढे घेतले. सीजी २६३ मिमीवर आल्यावर तेही थांबलं. म्हणजे @तिरपा_सुकाणू आणि @गंजका_स्क्रू दोघेही आपापल्या अर्ध्यात बरोबर. स्ट्रट आता १ मिमी वर आहे, कोन शून्य. त्यानंतर सपाट पाण्यावर ७४.

नवा प्रश्न: समोरून वारा आला की सरळ रेषेच्या शेवटी नाक एकदम हलकं होतं. उलटली नाही, पण जीव वर येतो.

तिरपा_सुकाणू
ते होणारच. टनेलमध्ये बोटीचा वेग अधिक वाऱ्याचा वेग असं मिळून हवा शिरते, आणि उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ७४ला समोरून १५चा वारा मिळाला तर उचल जवळपास दीडपट. नाक जितकं वर, तितकी हवा अजून जास्त, आणि एका मर्यादेपुढे ट्रिगर काहीच करू शकत नाही.

वाऱ्याच्या दिवशी सीजी अजून ३-४ मिमी पुढे घ्या किंवा प्रॉपचं टोक जरासं खाली करा. वेग थोडा जाईल. बोट हलकी वाटली की ट्रिगर थोडा सोडा, पण झटक्याने नाही, नाहीतर नाक पाण्यात घुसेल. आणि पॅक वेल्क्रोसोबत पट्ट्यानेही बांधा. उलटताना सुटलेला पॅक हॅच (डेकवरचं झाकण) फोडून बाहेर येतो.

नुसता_प्रेक्षक
ठो पण कळला बहुतेक. ५००० एमएएचवर किती वेळ चालते?

शॉर्टसर्किट
८० टक्के वापरायचे म्हणजे ४००० एमएएच. सरासरी ९० अँपिअर धरले तर १६० सेकंद. कटऑफ सेलला ३.२ व्होल्टवर असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, ट्रान्समीटरवर टायमर लावा. घरी आल्यावर सेल ३.८ला आणून ठेवा. पॅक गरम असताना चार्जिंग नाही.

दोनतळी
टायमर दोन मिनिटांवर लावला आहे, धक्क्यापर्यंत परत यायला तेवढं हाताशी राहतं. आता हॅचची टेप. पारदर्शक टेप वापरतोय, पण डाव्या मागच्या कोपऱ्यातून चमचाभर पाणी येतंच.

पोहणारा_नाही
कोपऱ्यावर टेप वळवू नका, तिथे सुरकुती पडते आणि सुरकुती म्हणजे नळीच. चार सरळ तुकडे लावा, कोपऱ्यात एकावर एक, पुढचा तुकडा मागच्याच्या वर यायला हवा. लावण्याआधी कड स्पिरिटने पुसा, हातावरचं ग्रीस तिथेच लागलेलं असतं. त्यानंतरही पाणी आलं तर ते हॅचमधून येतच नाहीये, रडरच्या पुशरॉडचा रबरी बेलो (पाणी अडवणारं आवरण) काढून बघा.